कोंडवाड्यातला डबा

शाळेत आम्हांला जो इतिहास शिकवला, त्यात जप्त्या पुष्कळ होत्या. अमक्याने तमक्याचा किल्ला घेतला, तमक्याने अमक्याचा खजिना लुटला, हत्ती नेले, घोडे नेले, तोफा नेल्या. पण ज्याचा हत्ती नेला त्याचा पानाचा डबा अंबारीतच राहिला होता का, आणि राहिला असल्यास तो परत मागायला त्याने कुणाकडे अर्ज करायचा, हे काही आमच्या गुरुजींनी सांगितले नाही. परीक्षेत तो प्रश्न येत नसे. आयुष्यात मात्र आला. एका महिन्याच्या एक तारखेला माझी मोटार क्रेनने उचलून नेली, आणि तिच्यात आमचा डबा होता.

चूक माझीच होती, हे आधी कबूल करतो. आमच्या पुण्यात काही रस्त्यांवर सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला गाडी लावायची असते. एकतीस तारखेला अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, तेव्हा गाडी डाव्या बाजूला लावली होती. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला गेलो. काल डावी, म्हणजे आज उजवी, असा बिनतोड हिशेब करून मी गाडी उजवीकडे लावली. एकतीस विषम आणि एकही विषम, हे माझ्या ध्यानात आले नाही. वीस वर्षे बँकेत रोज सकाळी तारखेचा शिक्का बदलणाऱ्या माणसाला तारखेनेच दगा द्यावा, याला काय म्हणावे?

पट्टी काढून खाली आलो तर गाडीच्या जागी रस्ता. रस्त्यावर खडूने माझ्या गाडीचा नंबर लिहिलेला. अण्णांनी काळ्या चष्म्यातून त्या रिकाम्या जागेकडे पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा :

"अरे, आणि डबा?"

गाडी गेल्याचे त्यांना दुःख झाले नाही. गाडी माझी होती. डबा आईचा होता. आई जाऊन चार वर्षे झाली, तेव्हापासून अण्णा बाहेर कुठेही गेले तरी त्याच डब्यातले खातात. स्टीलचा, दोन कप्प्यांचा, झाकणावर आईचे नाव घातलेला. त्यात दशम्या होत्या आणि लसणाची चटणी होती. डबा मागच्या सीटवर होता. कप्प्यात गाडीचे कागद होते, माझे लायसन होते. मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. नुकतेच आणलेले डोळ्यांत घालायचे थेंबही तिथेच होते.

रिक्षाने आम्ही त्या आवारात पोचलो. फाटकाशी लांब रांग. शेवटी हवालदारांपर्यंत पोचलो तेव्हा पुढील संवाद झाला.

"कागद?"

"गाडीत आहेत."

"मग गाडी सोडता येणार नाही. कागद दाखवा."

"कागद काढायला गाडी उघडायला लागेल."

"गाडी उघडायला कागद लागतील."

२०१८ पासून डिजिलॉकरमधले कागदही चालतात, हे मला ठाऊक होते. पण डिजिलॉकर मोबाइलात, मोबाइल गाडीत आणि गाडी कोंडवाड्यात! लहानपणी आजी अशाच साखळीच्या गोष्टी सांगायची. त्यांच्या शेवटी निदान एखादी मुंगी तरी मदतीला यायची. हवालदारांनी आम्हांला बाकड्यावर बसायला सांगितले. तिथे बसल्या बसल्या मला प्रश्न पडला, की गाडीने गुन्हा केला हे कबूल, पण डब्याने काय केले? तो कोणत्या कलमाखाली अटकेत आहे?

पुढे महिनाभर मी या प्रश्नाच्या मागे लागलो. वाचनालय पालथे घातले, बी.कॉम.चे मर्कंटाइल लॉचे पुस्तक माळ्यावरून काढले. त्या शोधाचा वृत्तान्त इथेच देतो, कारण बाकड्यावरचा मुक्काम लांबला होता आणि तुम्हांलाही तो वेळ कुठेतरी काढायचा आहेच.

तर मोटारींच्या कोंडवाड्याचा मूळ पुरुष बैल आहे. इंग्लंडात येणे वसूल करण्यासाठी दुसऱ्याचे जनावर धरून कोंडायची चाल इतकी माजली होती, की १२६७ साली तिथे कायदा करावा लागला : जप्ती वाजवी असावी आणि धरलेले जनावर दुसऱ्या परगण्यात हाकून नेऊ नये. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही लोकांची मुख्य तक्रार हीच होती, की नेले ते नेले, पण इतक्या लांब का नेले? पौड रस्त्यावर उचललेल्या गाडीसाठी ज्याने दुसरे टोक गाठले असेल, त्याला त्या शेतकऱ्याचे दुःख वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे इंग्रजांनी गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा १८५७ साली केला. वर्ष पाहा! देश पेटलेला आणि सरकारला चिंता, कुणाची म्हैस कुणाच्या शेतात शिरली याची. मग १८७१ साली तो नव्याने केला, आणि गावोगावचा कोंडवाडा त्या कायद्याखाली आला. हा कायदा मी मुळातून वाचला आणि थक्क झालो. जनावर आले की कोंडवाडेवाल्याने वहीत नोंद करायची : किती जनावरे, कशी दिसतात, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी आली, कुणी आणली, मालक कोण. नोंदीची नक्कल आणणाऱ्याला द्यायची. जनावराला चारा-पाणी द्यायचे. कुणी सोडवायला आले नाही तर दवंडी, मग लिलाव. लिलावातून दंड आणि खर्च वजा करून उरलेली रक्कम मालकाला परत, तीही हिशेबासकट. शिवाय पोलिसाने किंवा कोंडवाडेवाल्याने लिलावात स्वतः जनावर विकत घ्यायचे नाही, अशी स्पष्ट मनाई. ज्या अर्थी मनाई केली, त्या अर्थी घेत असणार.

दंडाचे दरपत्रकही होते. शेळीला एक आणा, गाईला चार आणे, म्हशीला आठ आणे आणि हत्तीला दोन रुपये. हत्ती कोंडवाड्यापर्यंत कुणी आणि कसा नेला असेल, हे विचारू नका. कायदा सर्वांना समान असतो, एवढेच त्यातून घ्यायचे.

माझा मुद्दा असा, की १८७१ साली चार आण्यांच्या गाईचीही नोंद होत होती. आणि गाईच्या बाबतीत एक मोठी सोय होती. तिच्या पोटात डबा नसे. फार तर गळ्यात घंटा. गाय सोडवली की घंटा सुटलीच. भानगड सुरू झाली ती माणसाने चाकांवर खोली बांधून तिला कुलूप लावले तेव्हापासून. मोटार ही जगातली पहिली अशी म्हैस, की जिच्या आत आपले घर असते.

ही म्हैस ओढून नेणारी गाडी मात्र मुळात परोपकारासाठी जन्माला आली. अमेरिकेत चॅटनूगा नावाच्या गावी अर्नेस्ट होम्स नावाचे एक गृहस्थ गॅरेज चालवत. १९१६ साली त्यांच्या एका मित्राची मोटार ओढ्यात पडली. ती दोर, ठोकळे आणि सहा माणसे लावून काढता काढता दिवस गेला. होम्ससाहेब वैतागले आणि त्यांनी १९१३ सालच्या एका कॅडिलॅकवर तीन खांब, एक कप्पी आणि साखळी बसवली. झाली क्रेनची गाडी! त्या गावात आज या धंद्याचे संग्रहालयसुद्धा आहे. ओढ्यात पडलेल्याला वर काढण्यासाठी केलेले यंत्र पुढे नीट उभ्या असलेल्याला उचलण्यासाठी वापरले गेले, यात होम्ससाहेबांचा दोष नाही. ओव्हरड्राफ्टची कल्पनाही मुळात अडलेल्याला मदत म्हणूनच निघाली असणार.

आता खरी गंमत. कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरात पोलिस गाड्या ओढून कोंडवाड्यात नेत. तिथे त्यांची मोडतोड होई. मालक शहरावर दावे लावत. तेव्हा पोलिसांवर काम आले, की गाडीतल्या एकूण एक वस्तूची यादी करायची. कल्पना करा : फौजदार सीटखाली वाकून लिहितो आहे, मोजा एक, दुसरा सापडत नाही. या यादीच्या कटकटीतून सुटका केली फ्रँक मारुग या माणसाने. हे गृहस्थ साचे बनवण्यात वाकबगार, आणि शिवाय डेन्व्हरच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवत. त्यांनी गाडीच्या चाकाला जागच्या जागी अडकवायचा लोखंडी जबडा केला. ५ जानेवारी १९५५ रोजी डेन्व्हरच्या पोलिसांनी तो पहिल्यांदा वापरला, आणि १९५८ साली त्याचे पेटंट झाले. आपल्याकडेही पोलिस चाकाला जो जॅमर लावतात, तो त्याचाच वंशज. म्हणजे जॅमर निघाला त्यामागे गाडीतल्या किडुकमिडुक सामानाचाही हात होता. गाडी हलवलीच नाही, तर डब्याची जबाबदारी नको! हे वाचले आणि चाकाला जबडा लागलेली गाडी पाहून मला पूर्वी येणारा राग बराच निवळला.

यादीला दुसरीही बाजू आहे. अमेरिकेतच साउथ डकोटा राज्यातल्या व्हर्मिलियन गावी १० डिसेंबर १९७३ रोजी एका गृहस्थाची गाडी नो-पार्किंगमधून उचलली. नाव मुद्दाम सांगत नाही. कायद्याच्या पुस्तकांत त्या बिचाऱ्याचे नाव पुरेसे छापून झाले आहे. पोलिसाला काचेतून डॅशबोर्डवर घड्याळ दिसले, मागे इतर सामान दिसले. चोरीला जाऊ नये म्हणून त्याने गाडी उघडवली आणि छापील फॉर्मवर इमानदारीने यादी केली. यादी करता करता कप्प्यात गांजाची पुडी निघाली. संध्याकाळच्या सुमारास हे गृहस्थ आपले सामान मागायला हजर! घड्याळ मागायला गेले आणि खटला घेऊन आले. शंभर डॉलर दंड आणि चौदा दिवस कैद. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७६ साली नऊ न्यायमूर्तींपैकी पाचांनी सांगितले, की ताब्यातल्या गाडीची नेहमीच्या रिवाजाने यादी करणे गैर नाही. त्यात मालकाच्या वस्तूंचेही रक्षण आहे आणि खोट्या आरोपांपासून पोलिसांचेही. चौघांनी सांगितले, हे बरोबर नाही. पुढे साउथ डकोटाच्याच न्यायालयाने आपल्या राज्यघटनेचा आधार घेऊन पुन्हा त्या माणसाच्या बाजूने कौल दिला. तात्पर्य, यादी करणाऱ्याच्या हेतूइतकाच कप्प्यातल्या ऐवजाचाही विचार आपण आधी करावा.

आपल्या देशात मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्याचे १२७ वे कलम सांगते, की गाडी सार्वजनिक जागी दहा तास बेवारस राहिली किंवा मनाई असलेल्या जागी लावली, तर गणवेशातला पोलिस अधिकारी ती उचलायला लावू शकतो, किंवा चाकाला कुलूप घालू शकतो. आणि उचलण्याचा खर्च मालकाने द्यायचा. गाडीचे सगळे आले. त्या कलमात डब्याबद्दल अक्षर नाही.

पण डबा अगदीच निराधार नाही. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षी आम्ही बेलमेंट नावाचे प्रकरण पाठ केले होते. एकाची वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात गेली, की ताबेदाराने ती स्वतःच्या वस्तूइतक्याच काळजीने सांभाळायची, असा १८७२ च्या करार कायद्याचा दंडक. हे सरकारला लागू आहे का? त्याचे उत्तर जुनागढच्या एका खटल्यात आहे. १९४७ साली तिथल्या संस्थानच्या जकात अधिकाऱ्यांनी एकाचे दोन ट्रक आणि एक स्टेशन वॅगन धरली. त्या गाड्या उघड्यावर पडल्या. हळूहळू सुटे भाग नाहीसे होत सांगाडे उरले, आणि मालकाचे अपील चालू असतानाच ते बेवारस म्हणून विकूनही टाकले. अपिलात मालक जिंकला, पण परत घ्यायला गाडी कुठे होती? दरम्यान संस्थान गेले, सौराष्ट्र आले, ते १९५६ साली आपल्या मुंबई राज्यात आले, १९६० साली गुजरात झाले. राज्ये बदलली, दावा टिकला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की धरलेली वस्तू परत करण्याची वेळ येऊ शकते, म्हणून सरकारने ती बेलीसारखीच सांभाळायला हवी होती, भरपाई द्या. वीस वर्षे लागली. गावोगावच्या पोलिस ठाण्यांच्या आवारात गंजणाऱ्या गाड्यांबद्दल त्याच न्यायालयाने २००२ साली पुन्हा बजावले : पंचनामा करा, फोटो काढा, हमी घ्या आणि मुद्देमाल लवकर परत करा. गंमत म्हणजे त्या प्रकरणात आरोप होता तो पोलिसांवरच, ठाण्यातला मुद्देमाल बदलल्याचा.

हे गुन्ह्यातल्या गाड्यांचे झाले. माझा गुन्हा तारखेचा. पण सगळ्यांतून मला एकच गोष्ट दिसली. उचलणाऱ्याकडे ताकद असते. ज्याचे उचलले त्याच्याकडे असला तर एक कागद असतो, यादीचा. गाईची होती ती वही, डेन्व्हरच्या फौजदाराची ती कटकट, आपला तो पंचनामा.

मी हे बँकेत शिकलो आहे. लॉकरचा मालक वारला, की वारसांसमोर आणि साक्षीदारांसमोर लॉकर उघडून आम्ही यादी करतो. २०२२ सालापासून तर आमच्या चुकीने लॉकरचे नुकसान झाले, तर वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत जबाबदारी आमच्यावर आहे. पण माझ्या लक्षात राहिली ती त्याआधीची एक यादी. एका आजींच्या लॉकरमध्ये बांगड्या होत्या, साखळी होती आणि एक आगपेटी होती. आत चार दुधाचे दात. मी क्षणभर थांबलो. साहेब म्हणाले, "लिहा." मी लिहिले : आगपेटी एक, त्यात दात, नग चार. बांगड्या वाचून दाखवल्या तेव्हा पन्नाशीचे चिरंजीव शांत होते. चौथ्या ओळीला रडू लागले. यादी करणारा वस्तूची किंमत करत नाही. ती आहे, आणि ती कुणाची तरी आहे, एवढेच तो लिहितो. पुष्कळदा तेवढेच पुरे असते.

असो. आपण अण्णांना बाकड्यावर बसवून आलो आहोत.

तासाभराने हवालदारांचे लक्ष त्यांच्या काळ्या चष्म्याकडे गेले.

"आजोबा, डोळ्याचं ऑपरेशन झालंय का?"

"कालच झालं. औषध गाडीत आहे. आणि डबा."

हवालदार उठले. रांगेतल्या दोघांना पंच म्हणून बोलावले. मला म्हणाले, "तुमचं अक्षर बरं असेल. बँकेत आहात ना? तुम्हीच लिहा."

मी रकाने आखले. अनुक्रमांक, वर्णन, नग, शेरा. कागदांची पिशवी एक. मोबाइल, चार्जरसह, एक. डोळ्यांचे थेंब, बाटली एक. छत्र्या दोन, पैकी मोडकी एक. आमच्याच बँकेचे गेल्या वर्षीचे कॅलेंडर एक. वाटायची राहिलेली लग्नपत्रिका एक. त्या जोडप्याला आता मुलगा झाला आहे. पंचांसमोर माझ्या संसाराची अशी झडती चाललेली असताना मी मान वर केली नाही. शेवटी डबा.

"हा तुमचा कशावरून?" हवालदारांनी रिवाजाप्रमाणे विचारले.

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. गाडीत नावानिशी पुरावा असलेली ती एकमेव घरगुती वस्तू होती. "झाकणावर माझ्या आईचं नाव आहे. सौ. सुमन."

हवालदारांनी झाकण उजेडाकडे धरले. मग माझ्याकडे पाहिले. "इथं तर सौ. कुसुम दिसतंय. एकोणीसशे शहात्तर."

दोन्ही पंच माझ्याकडे ज्या नजरेने पाहू लागले, ती नजर मी विसरणार नाही. जुनागढचा कायदा माझ्या बाजूचा असला तरी डबा माझ्या विरुद्ध साक्ष देत होता.

अण्णांनी हात पुढे केला. झाकण घेतले, ऑपरेशन झालेल्या डोळ्याजवळ नेले. इतकी वर्षे ते नाव बोटांनीच चाचपत होते. आता वाचले.

"अरे, हा आक्काचा!"

आजीने १९७६ साली लेकीला आणि सुनेला एकाच दुकानातून एकसारखे दोन डबे घेऊन दिले होते. माझ्या मुंजीत दोन्ही भरून आले, रिकामे झाले आणि घासून परत गेले. त्या गडबडीत कुठला कुठे गेला, हे पाहायला सवड कुणाला होती? यादी केली नव्हती! आमच्याकडे आक्काआत्याचा डबा तीस-पस्तीस वर्षे बिनपंचनाम्याचा डांबून ठेवलेला होता.

हवालदार हसले. म्हणाले, "शेऱ्यात लिहा, नातेवाइकांचा." दंड भरला, सही केली, तिथेच झाडाखाली बसून अण्णांच्या डोळ्यांत थेंब घातले. दशम्या गार झाल्या होत्या. हवालदारांनी एक घेतली, चटणीसकट.

पुढच्या रविवारी आम्ही साताऱ्याला गेलो. सम-विषम दोनदा विचारून गाडी लावली. आक्काआत्याने सगळे ऐकून घेतले, काही न बोलता आत गेली आणि फडताळातून डबा आणला. तसाच, दोन कप्प्यांचा, लख्ख. झाकणावर सौ. सुमन.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "वहिनी गेल्यावर मागायला येशील म्हणून ठेवला होता."

अण्णांनी डबा हातात घेतला. वाचला. मग चष्मा काढून, सवयीने, एकदा बोटानेही वाचला.

मी खिशातून कागद काढला आणि लिहिले : डबा एक. मिळाला. खाली दोघांच्या सह्या घेतल्या.